थंडीत पुन्हा धावायला लागताना: रस्ता, घरातली सायकल आणि नेहमीचे प्रश्न

गेल्या दिवाळीनंतर मी पुन्हा धावायला लागले. मधे साडेतीन वर्षं गेली होती. आधी सासूबाईंचं आजारपण, मग घरून काम, मग नुसताच आळस. त्याआधी दोन-तीन अर्धमॅरेथॉन केल्या होत्या, त्यामुळे ‘आपल्याला येतं’ हा भ्रम पक्का होता. तो कसा उतरला ते खाली येईलच. तेव्हापासून सोसायटीच्या लिफ्टमध्ये, गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर, अगदी लग्नाच्या पंगतीतसुद्धा लोक तेच तेच विचारतात, म्हणून एकदाच लिहून ठेवते. मी नाशिकची, वय ४७. डॉक्टर नाही, प्रशिक्षकही नाही. इथल्या थंडीत जे करून पाहिलं आणि जे वाचून पटलं तेवढंच यात आहे.

पूर्वी दहा किलोमीटर आरामात व्हायचं. आता सोसायटीला दोन फेऱ्या मारल्या की धाप लागते. सगळं गेलं का?

सगळं जात नाही, आणि जातं ते क्रमाने जातं. सगळ्यात आधी, दहा-बारा दिवसांतच, रक्तातला पातळ भाग कमी होतो. हृदयाच्या एका ठोक्याला पुढे ढकललं जाणारं रक्त घटतं, म्हणून तेवढ्याच कामाला नाडी जास्त पळते. मागोमाग स्नायूंची ऑक्सिजन वापरायची यंत्रणा मंदावते. १९८४ मध्ये एडवर्ड कॉइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कसलेल्या खेळाडूंचा सराव ८४ दिवस बंद ठेवून मोजमापं घेतली. जास्तीत जास्त ऑक्सिजन वापरण्याची त्यांची क्षमता पहिल्या तीन आठवड्यांत ७ टक्के उतरली आणि पुढे १६ टक्क्यांच्या आसपास येऊन थांबली. स्नायूंमधलं बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं मात्र टिकून राहिलं. आता ते खेळाडू तरुण होते आणि त्यांची सुट्टी तीन महिन्यांची होती, आपली तीन वर्षांची. तेव्हा आपली घसरण मोठी असणार हे धरून चालायचं. पण कधीच न धावलेल्या माणसाच्या रांगेत आपण शेवटी उभे नसतो.

रक्ताचा तो भाग जसा झटकन जातो तसाच झटकन परत येतो. दोन आठवडे नियमित घाम गाळला की तिसऱ्या मजल्यावर पिशव्या घेऊन चढताना फरक कळतो. आणि नेमका इथेच घात होतो.

तो कसा? दम परत आला तर वेग वाढवायला काय हरकत आहे?

मला काहीच हरकत दिसली नव्हती. तिसऱ्या आठवड्यात कृषीनगरच्या ट्रॅकवर छान दम टिकत होता, पुढे एक कॉलेजची पोरगी धावत होती, तिला गाठायचं म्हणून पाय उचलला आणि पोटरीत कुणीतरी दगड मारल्यासारखं झालं. वळून पाहिलं तर मागे कुणी नव्हतं. स्नायू फाटला होता. लंगडत रिक्षापर्यंत आले आणि पुढचे पाच आठवडे धावणं बंद.

या सगळ्या प्रश्नोत्तरांतून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या: दम आधी परत येतो, पाय मागाहून. हृदय आणि रक्त काही आठवड्यांत सुधारतात. स्नायूंना त्याहून जास्त वेळ लागतो. टाचेमागची जाड शीर किंवा गुडघ्याखालची शीर, जिला डॉक्टर टेंडन म्हणतात, तिला रक्तपुरवठाच कमी, त्यामुळे ती महिन्यांच्या हिशोबाने बदलते. हाडाचं तर आणखी वेगळं. नव्या भाराला तोंड देताना शरीर आधी जुनं हाड खरवडून काढतं आणि मग तिथे नवं भरतं. एका जागचं असं काम पुरं व्हायला तीन-चार महिने जातात. भिंतीचा जुना गिलावा काढल्यावर मधल्या दिवसांत ती आधीपेक्षा कच्ची असते, तसंच हे. नडगीची बारीक चीर बऱ्याच जणांना सुरुवातीच्या दिवसांत पडत नाही. सगळं छान चाललंय असं वाटायला लागलं की पडते.

म्हणून धावण्याच्या जोडीला घरातली सायकल?

म्हणूनच. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पायावर येतो. मिनिटाला १६० पावलं धरली तर अर्ध्या तासात ४,८०० आदळआपट. सायकलवर पाय पेडल सोडतच नाही, आदळणं नाही. हृदयाला मात्र कोण भार देतंय याच्याशी घेणंदेणं नसतं, त्याला काम मिळाल्याशी मतलब. तेव्हा दमाचं काम सायकलवर आणि पायांचं काम रस्त्यावर अशी वाटणी करायची. जोर करायची हौस सायकलवर भागवा. धावणं मुद्दाम कमी आणि कंटाळवाणं ठेवा.

नुसती सायकल का नाही, असंही विचारतात. कारण आदळल्याशिवाय हाडं घट्ट होत नाहीत. चाळिशी ओलांडलेल्या बायकांनी तर हे विसरूच नये. शिवाय नाशकात राहून यांतलं एकच वेड निवडणं अवघड आहे. एका बाजूला सावरपाड्याची कविता राऊत, जिने २०१० च्या दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्य मिळवलं, आणि दुसऱ्या बाजूला डॉक्टर महाजन बंधू, ज्यांनी २०१५ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका ही सायकलवरून अमेरिका पार करायची शर्यत दोघांनी मिळून पुरी केली. आपण त्यांच्या वाऱ्यालाही उभे राहणार नाही, पण चहाच्या टपरीवर दोन्ही गोष्टींना मान आहे.

आठवडा कसा लावायचा?

माझा असा होता, पोटरी बरी झाल्यानंतरचा. मंगळवार, शुक्रवार आणि रविवार रस्त्यावर. बुधवार आणि शनिवार सायकल. सोमवारी आणि गुरुवारी सुट्टी, पण घरातले ताकदीचे पंधरा मिनिटांचे व्यायाम त्याच दिवशी.

पहिले दोन आठवडे एक मिनिट धावणं, दोन मिनिटं भरभर चालणं, असं आठ वेळा. होय, एक मिनिट. लाज वाटते, ओळखीचे लोक ओलांडून जातात, वाटू द्या. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दोन मिनिटं धाव, एक मिनिट चाल. पाचव्या-सहाव्यात चार धाव, एक चाल, पाच वेळा. मग आठ आणि एक, तीन वेळा. नवव्या-दहाव्यात बारा मिनिटांचे दोन तुकडे. शेवटच्या दोन आठवड्यांत अर्धा तास सलग. देवदिवाळीला सुरुवात केली तर साधारण महाशिवरात्रीच्या सुमाराला इथे पोहोचता. एखादा टप्पा जड गेला तर तोच आठवडा पुन्हा करायचा, त्यात कमीपणा नाही. मी चार-एकचा आठवडा तीनदा केला.

सायकलवर आधी अर्धा तास, दर दोन आठवड्यांनी पाच मिनिटं वाढवत पंचावन्नपर्यंत. तिसऱ्या आठवड्यापासून दोनांपैकी एका दिवशी जोराचे तुकडे घालायचे. दहा मिनिटं अंग गरम झालं की तीन मिनिटं असा जोर की बोलणं दोन-तीन शब्दांपुरतंच व्हावं, मग तीन मिनिटं हलकं, असं चार वेळा. आठवड्यात खरी धाप लागण्याची ही एकच वेळ. रस्त्यावर ती बारा आठवडे लागू द्यायची नाही.

दर आठवड्याला दहा टक्के वाढवा म्हणतात. तो नियम?

ढोबळ आहे. ग्रोनिंगेनच्या संशोधकांनी नवख्या धावपटूंचे दोन गट करून पाहिलं, एकाला हळू वाढणारा दहा टक्क्यांचा कार्यक्रम, दुसऱ्याला नेहमीचा. दुखापतींच्या प्रमाणात फरक पडला नाही. आठवड्याला पाच किलोमीटर धावणाऱ्याला दहा टक्के म्हणजे अर्धा किलोमीटर, त्याला तो नियम उगाच बांधून ठेवतो. चाळीसवाल्याला चार किलोमीटर, ते जास्तही होऊ शकतात. मी टक्के मोजत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरताना पहिली दहा पावलं कशी पडतात ते बघते. टाच किंवा पोटरी कुरकुरली तर त्या दिवशी सायकल.

किती जोरात धावायचं ते कसं कळणार? घड्याळ घ्यावं का?

बोलून बघा. शेजारच्याला पुरं वाक्य न तुटता सांगता आलं तर वेग बरोबर. एकटे धावत असाल तर रामरक्षेच्या चार ओळी म्हणून बघा, मारुतीस्तोत्रही चालेल. पाचव्या शब्दाला श्वास घ्यावा लागला की चालायला लागायचं.

घड्याळ असेल तर वापरा, पण ‘२२० वजा वय’ हे सूत्र देववाणी समजू नका. दुसरं एक सूत्र आहे: वयाला ०.७ ने गुणून २०८ मधून वजा करा. साठीच्या माणसाला पहिलं सूत्र जास्तीत जास्त नाडी १६० सांगतं, दुसरं १६६. आणि खरी नाडी या दोन्हींपेक्षा दहा ठोके इकडे-तिकडे असू शकते. रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडी मुद्दाम खाली ठेवतात. त्या चालू असतील तर घड्याळातले आकडे निरुपयोगी, बोलण्याची कसोटीच खरी.

सुरू करण्याआधी डॉक्टरांकडे जायलाच हवं का?

मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार, किंवा चालताना छातीत भरून येणं, यातलं काहीही असेल तर जायचंच. यातलं काही नसलं तरी चाळिशीनंतर एकदा जाऊन यावं असं माझं मत आहे. आणि बायकांनी हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. म्हणजे निम्म्याहून जास्त. माझी एक मैत्रीण दोन महिने ‘माझा स्टॅमिनाच नाही’ म्हणून स्वतःला कोसत होती. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन साडेआठ. ते धावून वाढणार नव्हतंच.

बाळंतपणानंतर परत येणाऱ्यांसाठी: किमान बारा आठवडे धावणं नाही, चालणं आणि ओटीपोटाचे व्यायाम आधी. शिंकताना किंवा उडी मारताना लघवी सुटत असेल तर धावणं पुढे ढकला आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा. हे कुणी मोठ्याने बोलत नाही, म्हणून इथे लिहिलं.

थंडीत किती वाजता बाहेर पडावं? आमचे काका तर पाचला निघतात.

काका निघोत. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा दहाच्या खाली जाणं नवीन नाही, निफाडला तर त्याहूनही खाली. पण अडचण नुसत्या थंडीची नाही, हवेची आहे. थंडीच्या रात्री जमीन गार पडते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होऊन खालीच बसते, वर उबदार हवेचं झाकण. रात्रभराचा धूर आणि धूळ त्या झाकणाखाली साठते. कचरा पेटवलेला असतो, वॉचमनच्या शेकोट्या असतात, आणि आमच्याकडे द्राक्षबागा वाचवायला पहाटे बागांमध्येही शेकोट्या पेटवतात. बागाईतदाराला ते करावंच लागतं, त्याचं वर्षाचं पीक असतं. पण आपण त्यात खोल श्वास घेत धावावं असं नाही.

जानेवारीत इथे सूर्य सातनंतर उगवतो. ऊन लागून जमीन तापली की ते झाकण हळूहळू सुटतं. म्हणून मी साडेसातच्या पुढे निघते, सुट्टीच्या दिवशी आठला. उशीर होतो हे खरं. ज्यांना कामावर जायचंय त्यांनी पहाटे घरात सायकल आणि संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी धावणं असं उलटवून घ्यावं.

एक्यूआय, म्हणजे हवा किती खराब आहे ते सांगणारा आकडा, बघून निघायची सवय लावा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पट्टीवर ५० पर्यंत चांगली हवा, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, त्यापुढे वाईट. माझा नियम असा: १५० च्या वर गेला की दार बंद, सायकल चालू. दमेकऱ्यांनी शंभरावरच थांबावं.

कपडे?

निघताना थोडं कुडकुडायलाच हवं. घरातून उबदार निघालात तर दहाव्या मिनिटाला स्वेटर कमरेला बांधून धावाल. सुती बनियन टाळा, ते घाम धरून ठेवतं आणि थांबल्यावर अंगाला गार चिकटतं. घाम उडून जाणारा टी-शर्ट, वर पातळ विंडचीटर, कान झाकणारी पट्टी. बोटं गारठतात त्यांना साधे हातमोजे. धावून झालं की गप्पा मारत उभं राहू नका. कपडे बदला, मग गप्पा.

आणि अंग आधी घरात गरम करा. मी सायकलवर आठ मिनिटं हलके पाय फिरवते आणि तडक खाली उतरते. गार पोटरीवर पहिलं पाऊल पडू नये, एवढ्यासाठी. ज्यांच्याकडे सायकल नाही त्यांनी जिना चढून-उतरून घ्यावा.

थंड हवेने खोकला येतो, छातीत घरघरतं.

थंड हवा कोरडी असते. जोरात श्वास घेताना श्वासनलिका सुकतात आणि काही जणांच्या आवळतात. नाका-तोंडावर पातळ रुमाल किंवा बफ, म्हणजे गळ्यात घालायची कापडी नळी, ओढून घेतली की आतली हवा थोडी ओलसर होते. नाकाने श्वास घेण्याइतकाच वेग ठेवा. तरीही दर वेळी धावल्यानंतर पाच-दहा मिनिटांनी घरघर होत असेल तर तो दम्याचा एक प्रकार असू शकतो, त्यावर औषध आहे, दाखवून घ्या.

सर्दीचं विचाराल तर नुसतं नाक गळत असेल तेव्हा हलकं चालतं. ताप, अंगदुखी, छातीत कफ असेल तर अजिबात नाही, सायकलसुद्धा नाही. तापात व्यायाम केला तर हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा धोका असतो.

कुत्री मागे लागतात.

थांबा. खरंच थांबा. पळणाऱ्याच्या मागे ती पळतात. हात खाली ठेवून, डोळ्याला डोळा न भिडवता, चालत त्यांच्या हद्दीबाहेर जा. मी एक गल्ली कायमची सोडून दिली आहे. चावलंच तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी इंजेक्शन.

घरातली सायकल कोणती घ्यावी?

आधी माळ्यावर, बाल्कनीत आणि नातेवाइकांकडे बघा. निम्म्या घरांत टॉवेल वाळत घालायला वापरली जाणारी व्यायामाची सायकल असते, तिला तेल दिलं तरी पहिले दोन महिने भागतं. माझी सुरुवात नणंदेकडच्या अशाच सायकलवर झाली.

पैसे घालायचेच असतील तर आपली नेहमीची सायकल ज्यावर बसते तो ट्रेनर घ्या, कारण बैठक आपल्या मापाची राहते. साध्या प्रकारात मागचं टायर एका रोलरवर दाबून बसतं. स्वस्त पडतो, पण आवाज करतो, टायर खातो, आणि खडबडीत नक्षीचं माउंटन बाइकचं टायर लावलं तर दळणाच्या गिरणीसारखा घुमतो. त्यासाठी गुळगुळीत टायर हवं. दुसऱ्या प्रकारात मागचं चाक काढून चेन थेट ट्रेनरच्या गिअरवर चढवतात. शांत, अचूक, पण एका चांगल्या सायकलीएवढा महाग. जिममधली जड चकतीची स्पिन बाइक दणकट असते. फक्त तिची चकती पाय थांबले तरी फिरत राहते, तेव्हा झटक्यात थांबायला जाऊ नका, ब्रेकची मूठ कुठे आहे ते आधी बघा. नुसते तीन रोलर असलेल्या पट्ट्यावर तोल सांभाळत चालवायचा प्रकारही आहे. तो परत येणाऱ्यांसाठी नाही, कपाळमोक्षासाठी आहे.

वरच्या मजल्यावर राहत असाल तर खाली जाड रबरी चटई हवीच. खालच्या वहिनींनी दोन दिवस सहन केलं, तिसऱ्या दिवशी ‘तुमच्याकडे मिक्सर बिघडलाय का’ म्हणून विचारायला आल्या.

सीट किती उंच ठेवायची?

सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा. पेडल अगदी खाली असताना गुडघा सरळ व्हायला हवा. मग चवडा ठेवून चालवलं की गुडघ्यात हलका बाक राहतो. गुडघा पुढून दुखला तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखला तर वर. गिअर हलका ठेवून मिनिटाला ८० ते ९० फेरे. जड गिअर रेटत राहिलात तर गुडघ्यांचा हिशोब रस्त्यासारखाच होतो.

बूड दुखतं.

दोन आठवडे दुखतंच. गादीची चड्डी घ्या, आतून दुसरी चड्डी घालू नका, दर दहा मिनिटांनी वीस सेकंद पेडलवर उभे राहा. मऊ जेलचं कव्हर लावू नका, ते आणखी घासतं.

बाहेर एवढी थंडी आणि सायकलवर घामाचं तळं. काही चुकतंय का?

चुकत नाही. बाहेर सायकल चालवताना वारा घाम उडवून नेतो, घरात तो वारा नसतो. अंग तापतं, शरीर त्वचेकडे जास्त रक्त पाठवतं आणि त्याच कामाला नाडी चढत जाते. उपाय एकच, पंखा. छताचा नाही, समोरचा, छातीवर येणारा. जानेवारीत पंखा लावलेला बघून घरचे वेड्यात काढतील. खिडकी उघडी ठेवा, हँडलवर जुना पंचा टाका. घामाचं मीठ सायकलला खातं. माझ्या हँडलच्या बोल्टला दोन महिन्यांत गंज चढला होता. झालं की ओल्या फडक्याने पुसा. पाणी जवळ ठेवा, थंडीत तहान लागत नाही म्हणून लोक पीत नाहीत आणि मग दुपारी डोकं धरून बसतात.

एफटीपी चाचणी करावी का?

बारा आठवडे नको. वीस मिनिटं जीव तोडून चालवायचं, आलेल्या सरासरी वॅटचे ९५ टक्के म्हणजे तुमचा तासाभराचा अंदाजी जोर, अशी ती चाचणी. परत येताना दर आठवड्याला अंग बदलत असतं, आज काढलेला आकडा पंधरा दिवसांत शिळा. शिवाय जुना आकडा आठवून रडू येतं.

कंटाळा येतो हो.

येतोच. खोलीत बसून कुठेही न पोहोचणं हा माणसाचा स्वभाव नाही. झ्विफ्टसारख्या अ‍ॅपवर पडद्यावरचे रस्ते धावतात, काहींना ते आवडतं. मला दहा मिनिटांत डोकं गरगरतं. मी हलक्या दिवशी मालिकेचा एक भाग लावते, आणि तो भाग सायकलवर नसताना बघायचा नाही असं स्वतःला बजावलंय. जोराच्या दिवशी काही लागत नाही, तीन मिनिटं मोजण्यातच जीव गुंततो.

ताकदीचे व्यायाम कुठले? जिम लावावं?

लावलंत तर उत्तम, पण जिन्याची एक पायरी पुरते. पायरीच्या कडेवर चवडे टेकवून टाचा वर उचला, तीन मोजत खाली सोडा. आधी दोन्ही पायांवर पंधरा, महिन्याभराने एकेका पायावर. पोटरी आणि टाचेची शीर यासाठी याहून स्वस्त आणि गुणकारी काही मला सापडलं नाही. जोडीला खुर्चीवर टेकल्यासारख्या वीस बैठका, पाठीवर झोपून कंबर उचलणं, आणि दात घासताना एका पायावर उभं राहणं. जागतिक आरोग्य संघटनाही आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायामासोबत दोन दिवस स्नायूंचं काम सांगते. लोक पहिलं वाक्य वाचतात, दुसरं सोडून देतात.

वजन किती उतरेल?

मला ठाऊक होतं तुम्ही इथे येणार. धावताना साधारण वजनाच्या दर किलोला दर किलोमीटरमागे एक कॅलरी. ६५ किलोचा माणूस पाच किलोमीटर धावला की ३२५. सायकलवर सरासरी १२० वॅटने पाऊण तास चालवलं की ३२४ किलोज्यूल काम होतं, आणि शरीराची कार्यक्षमता पाव हिश्श्याच्या आसपास असल्याने खर्च झालेल्या कॅलरी जवळपास तेवढ्याच भरतात. दोन्हीकडे सव्वातीनशे. डिंकाचे तीन लाडू, तूप सढळ असेल तर दोन, की हिशोब बरोबर.

आणि थंडी हाच खाण्याचा हंगाम. बाजरीची भाकरी आणि लोणी, हुरडा, भोगीची भाजी, गुळपोळी, त्यात लग्नाचे मुहूर्त. मी काहीही सोडलं नाही, फक्त ‘आज धावले म्हणून’ हे कारण देऊन वाढून घेणं सोडलं. बारा आठवड्यांत काटा अडीच किलो हलला, कंबर मात्र सहा सेंटिमीटर. काट्यापेक्षा टेप बघा. आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९० आणि बायकांसाठी ८० सेंटिमीटरच्या वर कंबर म्हणजे धोक्याची रेघ.

रिकाम्या पोटी धावावं का?

अर्ध्या तासासाठी चालतं. मला अर्धा कप चहा आणि दोन खजूर लागतात. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर रिकाम्या पोटी नको, डॉक्टरांशी बोला, खिशात साखरेची पुडी ठेवा.

कोणत्या दुखण्याला थांबायचं?

मांडी भरून येणं, दोन्ही पाय सारखे जड होणं, ते चालेल. एकाच पायात, बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी दुखलं तर थांबा. नडगीच्या हाडावर तसं टोकाचं दुखत असेल आणि रात्री झोपतानाही जाणवत असेल तर धावणं बंद करून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. सुरुवातीचा एक्स-रे साफ येतो आणि चीर तरीही असू शकते, हे लक्षात ठेवून पुन्हा पळायला लागू नका. पोटरी एकदम फाटल्यासारखी झाली तर मालिश नको, गरम शेक नको. माझी आत्या तेल घेऊन बसली होती, तिला हात जोडले.

छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घामाघूम होऊन चक्कर: हे ‘अ‍ॅसिडिटी असेल’ म्हणून घरी जायचं दुखणं नाही. १०८ ला फोन.

जानेवारीत मुंबई मॅरेथॉन असते. नाव घालू का?

ती जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. दिवाळीनंतर सुरू केलेल्या माणसाला तोवर जेमतेम दहा-बारा आठवडे मिळतात, अर्ध्या अंतरासाठीसुद्धा ते कमी आहेत. टाळ्या वाजवायला जा. गर्दीत, छातीवर नंबर लावून, कुणीही हळू धावत नाही. मी तर नाहीच. फेब्रुवारीअखेर पाच किंवा दहा किलोमीटरची एखादी स्थानिक शर्यत बघा. घाट आवडत असेल तर साताऱ्याची टेकडीवरची अर्धमॅरेथॉन पावसाळ्याच्या शेवटाला येते, तिथवर तयारीला पुरे महिने मिळतात.

होळीनंतर काय? नाशिकचं ऊन तर तुम्हाला माहीतच आहे.

मार्चच्या मध्यापासून वेळ उलटी करायची, साडेसहाच्या आत धावून घरी. तोवर सूर्यही लवकर उगवतो आणि थंडीतलं ते धुराचं झाकण तसं राहत नाही. उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. त्या दिवसांत वेग आपोआप पडतो, तो पडू द्या. सायकल तशीच, फक्त पाच-दहा मिनिटांनी कमी, कारण खोलीच तापलेली असते. आणि जानेवारीत ज्या पंख्यावरून हसले होते तो हळू फिरायला लागला असेल तर आत्ताच कंडेन्सर बदलून घ्या, एप्रिलमध्ये इलेक्ट्रिशियन मिळत नाही.